एनके-१ रिसेप्टर : शोधला दुखण्यासाठी, कामाला आला उलटीसाठी

योगेश्वरीकर
केमोच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं, की कॅन्सरच्या केमोत उलटी होऊ नये म्हणून देतात ते ॲप्रेपिटंट म्हणजे नेहमीचं उलटीचं एमसेटच, नुसतं महाग. तिथंच उत्तर देत बसलो असतो तर मूळ विषय वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा धागा. अंबाजोगाईत मेडिकलच्या पोरांना औषधशास्त्र शिकवण्यात हयात गेली, तेव्हा लांबण लागणार. कंटाळा आला की थांबवा.

एमसेट म्हणजे ओन्डान्सेट्रॉन. ते सेरोटोनिन या रासायनिक निरोप्याच्या ५-एचटी३ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, अडवतं. ॲप्रेपिटंट अडवतं न्यूरोकायनिन-१ ला, म्हणजे एनके-१ ला. दोन वेगळे रिसेप्टर, दोन वेगळे निरोप. एनके-१ हे ४०७ अमिनो आम्लांचं प्रथिन, पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेलं. त्याच्यावर येऊन बसतो तो सबस्टन्स पी, अवघ्या ११ अमिनो आम्लांचा तुकडा. असे तुकडे चेतापेशी सोडतात म्हणून त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणायचं.

सबस्टन्स पी सापडला तो १९३१ मध्ये लंडनला, हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत. उल्फ फॉन ऑयलर नावाचा विशी-पंचविशीतला स्वीडिश पोरगा आणि जॉन गॅडम, दोघं ॲसिटिलकोलीन, म्हणजे नसा सोडतात तो एक रासायनिक निरोप्या, शोधत होते. घोड्याच्या आतड्याचा आणि मेंदूचा अर्क काढला. त्या अर्कानं सशाचा रक्तदाब उतरायचा आणि आतडं आकसायचं, पण ॲसिटिलकोलीनला अडवणारं ॲट्रोपिन देऊनही हा परिणाम थांबेना. ॲसिटिलकोलीन असतं तर थांबला असता. म्हणजे हे काहीतरी निराळं होतं. काय, ते कळायला चाळीस वर्षं गेली! सुझन लीमन बैलांच्या मेंदूतून वेगळंच एक हार्मोन शोधत होत्या. त्यांच्या अर्कातल्या एका भागानं उंदरांच्या तोंडाला लाळ सुटायला लागली. त्या लाळेचा माग काढत त्यांनी आणि मायकल चँग यांनी पदार्थ शुद्ध केला, १९७१ मध्ये अमिनो आम्लांचा क्रमही लावला. निघाला तोच १९३१ चा सबस्टन्स पी.

शंकासुर
सर, इतिहास झकास. पण घोड्याचं आतडं आणि उंदराची लाळ यातून माणसाला काय मिळालं तेवढं सांगा. परभणीत आज ४३ डिग्री आहे, फार वेळ स्क्रीनकडं बघवत नाही.

योगेश्वरीकर
आधी काय मिळालं नाही ते सांगतो. खरी गोष्ट तीच आहे.

सबस्टन्स पी कुठं सापडतो? कातडीपासून पाठीच्या कण्यापर्यंत जाणाऱ्या, दुखणं वाहून नेणाऱ्या बारीक नसांमध्ये. ते दुखणं जिथं पोचतं, त्या कण्यातल्या पेशींवर एनके-१ खच्चून भरलेला. नस चिमटली, भाजली की सबस्टन्स पी सुटतो. १९९७ मध्ये पॅट्रिक मँटी यांच्या गटानं तर सबस्टन्स पीला एक विष जोडून उंदरांच्या कण्यात सोडलं. विष एनके-१ असलेल्याच पेशींत शिरलं, त्या मेल्या, आणि उंदरांचं तीव्र दुखणं ओसरलं. आता सांगा, औषध कंपनीत तुम्ही असता तर काय केलं असतं? एनके-१ बंद करणारी गोळी काढा, नव्या जमान्याचं वेदनाशामक तयार!

पहिलं चांगलं रसायन फायझरनं १९९१ मध्ये जाहीर केलं, मग सगळ्यांनीच उड्या घेतल्या. जनावरांत निकाल बरे आले. माणसांत मात्र मायग्रेन, सांधेदुखी, नसांचं दुखणं, एकामागून एक चाचणी पडत गेली.

कारण कण्यात दुखण्याचा निरोप एकट्या सबस्टन्स पीवर चालत नाही. मुख्य निरोप ग्लुटामेटचा असतो, सोबत सीजीआरपीसारखी आणखी पेप्टाइडं. जायकवाडीच्या कालव्याची एक चारी बंद केली म्हणून कालवा कोरडा पडत नाही, तसलाच प्रकार. मँटी यांच्या प्रयोगात पेशीच मेली होती, म्हणजे तिच्यावरचे सगळेच रिसेप्टर गेले. गोळीनं फक्त एक रिसेप्टर झाकला जातो. हा फरक तेव्हा बऱ्याच शहाण्यांनी मनावर घेतला नाही.

मग नैराश्य. १९९८ मध्ये मर्कच्या शास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये लेख छापला. एमके-८६९ नावाच्या गोळीनं नैराश्य कमी होतं, नैराश्यावरच्या पॅरॉक्सेटिन या औषधाच्या तोडीनं. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. पण पुढच्या मोठ्या चाचण्यांत ही गोळी आणि औषध नसलेली नुसती गोळी यांत फरकच दिसेना. डोस कमी पडला असंही म्हणायची सोय नव्हती, कारण मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये एनके-१ जवळजवळ पूर्ण झाकलेला दिसत होता. औषध नेमक्या जागी पोचलं होतं, त्या जागेचा नैराश्याशी अपेक्षेइतका संबंधच नव्हता.

हे एमके-८६९ म्हणजेच आपलं ॲप्रेपिटंट. २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते केमोच्या उलटीसाठी.

धर्माबादी
सर, आमचं घरच मिरचीच्या धंद्यात. अडतीवर लाल मिरचीचे ढीग पडले की नवा माणूस शिंकून शिंकून बेजार होतो, हात तर रात्रभर जळायलेत म्हणून झोपत नाही. आणि देठं खुडायला बसणाऱ्या बाया दिवसभर त्याच ढिगात, त्यांना काहीच नाही. ह्याच्यात बी तुमचा सबस्टन्स पी हाय का? असंल तर कामावर जायच्या आधी ती कॅप्सूल घेतली की हात जळायचे थांबतील का?

योगेश्वरीकर
दादा, प्रश्न एक नंबर. हो, आहे. पण कॅप्सूलनं जळजळ थांबणार नाही.

मिरचीतलं कॅप्सेसिन नसेच्या टोकावरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या प्रथिनाच्या दाराला उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं तो १९९७ मध्ये शोधला, २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. हाच टीआरपीव्ही१ साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनंही उघडतो. (शंकासुर, परभणीच्या हवेची नोंद घेतली आहे.) म्हणून मिरची 'जाळते'. एकाच नसेला दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात.

नस उद्दीपित झाली की दोन कामं होतात. एक, मेंदूकडं 'भाजलं' असा निरोप जातो, तो मुख्यतः ग्लुटामेटच्या जोरावर. दोन, तीच नस उलट्या बाजूला, म्हणजे कातडीत, सबस्टन्स पी आणि सीजीआरपी सोडते. त्यानं रक्तवाहिन्या फुलतात, पाणी झिरपतं, हात लाल होऊन सुजतो. एनके-१ अडवला तर या सुजेचा काही भाग कमी होईल. जळजळ त्याच्या हातात नाही.

बायांचं म्हणाल तर, कॅप्सेसिन सतत लागत राहिलं की नसांची टोकं मंदावतात. हंगेरीच्या मिक्लोश यांचो यांनी हे गेल्या शतकाच्या मध्यालाच दाखवलं होतं. त्यावरच नागिणीनंतरच्या दुखण्याचं मलम निघालं आणि ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टीही. आम्ही विद्यार्थ्यांना शिकवायचो की नसेतला सबस्टन्स पी संपतो म्हणून दुखणं थांबतं. आता मत असं आहे की टोकंच काही काळ निकामी होतात, सबस्टन्स पी संपणं हा त्यातला एक छोटा भाग.

तरी बायांना हातमोजे आणि तोंडाला फडकं द्याच. नस मंदावली म्हणून फुप्फुसात धूळ जायची थांबत नाही.

गुरांचा डॉक्टर
उदगीरहून हजर. सरांनी घोड्याचं नाव काढलं म्हणून राहवलं नाही.

घोडा उलटी करू शकत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट, की पोट फुगलं तरी वर काही येत नाही, प्रसंगी जठर फाटतं. माळेगावच्या यात्रेत पोटशूळाचे घोडे बघितलेल्यांना हे सांगायला नको. आणि ज्या सबस्टन्स पीवर जगातलं एक उत्तम उलटीचं औषध उभं राहिलं, तो पहिल्यांदा सापडला घोड्याच्याच आतड्यात!

उंदरालाही उलटी होत नाही. म्हणून उलटीच्या औषधांचे प्रयोग फेरेटवर, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्यावर, करावे लागले. जपान्यांनी त्यासाठी चिचुंद्री वापरात आणली. घरात रात्री भिंतीकडेनं चिक् चिक् करत पळते तीच. ती उंदरासारखी दिसते पण उंदराच्या कुळातली नाही, आणि तिला व्यवस्थित उलटी होते.

कुत्र्यांसाठी याच गटातलं मॅरोपिटंट आहे. पार्व्हो विषाणूनं आजारी पडलेल्या पिलांना उलट्या थांबत नाहीत तेव्हा त्याचा फार आधार वाटतो. गाडी लागणाऱ्या कुत्र्यांनाही देतात.

जाता जाता धर्माबादच्या भाऊंसाठी: राघू मिरच्या मजेत खातो, कारण पक्ष्यांचा टीआरपीव्ही१ कॅप्सेसिनला दाद देत नाही.

शंकासुर
म्हणजे दुखण्याची औषधं उंदरावर तपासली, ती पडली. उलटीचं औषध उलटी करणाऱ्या जनावरावर तपासलं, ते टिकलं. यात नवल काय?

योगेश्वरीकर
इतकं सरळ नाही, पण रोख बरोबर आहे. शिवाय उंदराचा एनके-१ माणसाच्या एनके-१ पेक्षा किंचित वेगळा. माणसाच्या रिसेप्टरला घट्ट धरणारी पुष्कळ रसायनं उंदराच्या रिसेप्टरला नीट धरतच नाहीत. म्हणून गिनीपिग, जर्बिल असली जनावरं घ्यावी लागली.

गोदाकाठ
मी नांदेडचा. माझ्या मामांचं छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलात चालू आहे, सिसप्लॅटिन नावाचं केमोचं औषध. पहिल्या केमोला सलाइनच्या आधी ॲप्रेपिटंटची एक कॅप्सूल दिली आणि दोन घरी दिल्या, रोज एक. पहिला दिवस मस्त गेला, मामांनी भाकरी खाल्ली. आता मामी म्हणतात त्रास नाही तर उरलेल्या दोन कशाला, पुढच्या खेपेला कामी येतील. त्यांचं बरोबर आहे का? आज रात्रीपर्यंत कळालं तर बरं होईल.

बीडचा मेडिकलवाला
गोदाकाठ भाऊ, मामींना सांगा उरलेल्या वेळेवर द्या. माझ्या काउंटरवर हे नेहमीचंच. तीन कॅप्सूलचं पाकीट असतं, एक १२५ ची आणि दोन ८० च्या. लोक म्हणतात, "एकच सुटी द्या, बाकी लागली तर नेऊ." आणि तिसऱ्या दिवशी रात्री शटर ओढायच्या वेळेला पेशंटचा पोरगा धापा टाकत येतो. सविस्तर सर सांगतील.

योगेश्वरीकर
मेडिकलवाल्यांनी मुद्द्याचं सांगितलं. आता का, ते.

केमोची उलटी दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा पहिल्या चोवीस तासांचा. औषधानं आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दुखावतात, त्यांच्यातून सेरोटोनिन सुटतं, ते पोटातून मेंदूकडं जाणाऱ्या व्हेगस नसेला डिवचतं आणि मेंदूच्या देठातलं उलटीचं यंत्र चालू होतं. इथं ओन्डान्सेट्रॉनच्या गटाची औषधं छान चालतात. दुसरा टप्पा चोवीस तासांनंतर पाचव्या दिवसापर्यंत. यात सेरोटोनिनचा वाटा घटतो आणि मेंदूच्या देठातला सबस्टन्स पी व एनके-१ यांचा वाढतो. सिसप्लॅटिन या दुसऱ्या टप्प्यासाठी कुप्रसिद्ध. आधी काहीच औषध दिलं नाही तर ९० टक्क्यांहून जास्त लोकांना उलट्या होतील, अशा वरच्या वर्गात ते मोडतं.

म्हणजे मामांचा पहिला दिवस चांगला गेला यावरून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा अंदाज बांधता येत नाही. त्या दोन ८० च्या कॅप्सूल त्याच दिवसांसाठी आहेत. आणि त्या आधी घ्यायच्या. यंत्र एकदा पेटलं की एनके-१ झाकून फारसं हाती लागत नाही. उलटी सुरू झाल्यावर घ्यायचं हे औषधच नाही. पहिली कॅप्सूल केमोच्या तासभर आधी देतात ती याचसाठी.

पुढच्या खेपेला वाचवायचा विचारही नको. दर खेपेला तिन्ही नव्यानं लागतात. परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. महात्मा फुले योजनेत तुमचं प्रकरण बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. फोसॲप्रेपिटंटचं एकच इंजेक्शन सलाइनमधून देऊन तीन दिवसांची गोळ्यांची कटकट टाळता येते, तोही पर्याय विचारून बघा.

अजून एक. पहिल्या खेपेला उलट्या बेफाम झाल्या तर पुढच्या खेपेला नुसत्या हॉस्पिटलच्या वासानंही मळमळायला लागतं. त्यावर कुठलंच औषध नीट चालत नाही. म्हणून पहिलीच खेप सांभाळायची.

गोदाकाठ
मामींना वाचून दाखवलं. दुसरी दिली.

मांजराकाठची
नमस्कार, लातूरहून. तुम्ही एनके-१ म्हणता तर २ आणि ३ पण असतील ना? माझी पाळी थांबून वर्ष होत आलं. रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं गाउन भिजतो, आणि घरात म्हणतात उन्हाळाच तसा आहे. कुठंतरी वाचलं की यावर हार्मोन नसलेली नवीन गोळी आली आहे, नाव असंच काहीतरी न्यूरोकायनिन. ती हीच का?

योगेश्वरीकर
ताई, ती याच कुटुंबातली. रिसेप्टर तीन. एनके-१ चा जोडीदार सबस्टन्स पी, एनके-२ चा न्यूरोकायनिन ए, एनके-३ चा न्यूरोकायनिन बी. एनके-२ ला आज बाजूला ठेवू.

एनके-३ ची गोष्ट वेगळ्याच दारानं आली. २००९ मध्ये तुर्कस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातली काही मुलं-मुली वयातच येत नव्हती. न्यूरोकायनिन बी किंवा एनके-३ यांच्या जनुकात दोष निघाला. तोवर या जोडीचा वयात येण्याशी एवढा संबंध असेल असं फार कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन ही तिन्ही तयार करणाऱ्या पेशी असतात. इस्ट्रोजेन त्यांना आवरून धरतं. पाळी थांबली, इस्ट्रोजेन घटलं, की त्या पेशी मोठ्या होतात आणि जास्त चेकाळतात. शेजारीच शरीराचं तापमान ठरवणारी यंत्रणा आहे, तिथं न्यूरोकायनिन बी एनके-३ वर जाऊन बसतो. अंग तापलेलं नसतानाही मेंदू ठरवतो की तापलंय, आणि घाम सोडतो. तेव्हा उन्हाळ्याला दोष देणाऱ्यांना सांगा, पौषातही हेच होतं.

एनके-३ अडवणारी फेझोलिनेटंट ही गोळी अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झाली. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या औषध नियंत्रकांनी तिच्यावर यकृताच्या त्रासाबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. म्हणजे सुरू करण्याआधी आणि नंतर काही महिने यकृताच्या तपासण्या आल्याच. एनके-१ आणि एनके-३ दोन्ही अडवणारं एलिन्झानेटंट २०२५ मध्ये काही देशांत मंजूर झालं. स्वतः होऊन ऑनलाइन मागवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, थायरॉइड बघून घ्या. जुनी, स्वस्त औषधंही आहेत.

मांजराकाठची
धन्यवाद सर. हे घरातल्या ग्रुपवर टाकते. जनुकाचं कळणार नाही, पण 'पौषातही होतं' एवढं कळेल.

शंकासुर
आमच्याकडं मळमळीला आल्याचा तुकडा, लिंबू आणि सैंधव. त्याचा रिसेप्टर कुठला, सर?

योगेश्वरीकर
आल्यातली काही रसायनं ५-एचटी३ वर थोडा परिणाम करतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. केमोच्या रुग्णांवरही अभ्यास झाले, निकाल एकसारखे नाहीत. तोंडाला चव येते, बरं वाटतं, तर डॉक्टरांना सांगून चघळा. सिसप्लॅटिनच्या पेशंटला कॅप्सूलऐवजी आलं दिलं असं मात्र कानावर येऊ देऊ नका.

गोदाकाठ
मामांच्या तिन्ही कॅप्सूल पूर्ण झाल्या. उलटी एकदाच झाली. पण मळमळ आहे, अन्नाचा वास नको म्हणतात. आणि साखर ३०० च्या वर गेली, मामा आधीपासून मधुमेहाचे. कॅप्सूलनं साखर वाढली का?

योगेश्वरीकर
संशयित दुसरा आहे. उलटीसाठी सोबत डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड. साखर त्यानं वाढते. पण ॲप्रेपिटंटचा हातभार असू शकतो. यकृतातलं जे एन्झाइम डेक्सामेथासोनचा निचरा करतं, सीवायपी३ए४, त्याला ॲप्रेपिटंट मंद करतं. डेक्सामेथासोन रक्तात दुपटीच्या आसपास साठतं. म्हणून दोन्ही एकत्र देताना स्टेरॉइडचा डोस कमी धरतात, पहिल्या दिवशी २० ऐवजी १२ मिलीग्रॅम असा. मामांच्या कागदावर काय लिहिलंय ते इथं टाकू नका, हॉस्पिटलात दाखवा आणि ३०० चा आकडा आजच फोन करून कळवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनानं कमी-जास्त करू नका.

मळमळीचं म्हणाल तर ही एनके-१ च्या औषधांची खरी उणीव. उलटी जितकी आवरतात तितकी मळमळ आवरत नाहीत. तिथं ओलान्झपिन कामाला येतं. ही मूळची मानसिक आजारांवरची गोळी, त्यामुळे नाव गुगल केलं की घरचे घाबरतात आणि गोळी कपाटात जाते. घाबरू नका, चार दिवसांसाठी असते. तिनं गुंगी येते, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात १० मिलीग्रॅमऐवजी अडीच मिलीग्रॅम दिलं, तर उलटीवरचा परिणाम कमी पडला नाही आणि दिवसाची गुंगी कमी झाली. पुढच्या खेपेआधी डॉक्टरांना एवढंच म्हणा, "उलटी थांबली, मळमळ राहिली." साखरेचं सांगायचंच आहे, कारण ओलान्झपिन देतानाही ते बघतात.

बीडचा मेडिकलवाला
एन्झाइमांवरून आठवलं, मामा रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेतात का? ॲप्रेपिटंट तिचा निचरा करणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमचं काम उलट वाढवतं, म्हणून आठवडा-दहा दिवसांत तिचा असर कमी होतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासून घ्यावा लागतो. आणि तरुण बायांना केमो चालू असेल तर गर्भनिरोधक गोळीचाही असर कमी होतो. शेवटच्या कॅप्सूलनंतर महिनाभर तिच्यावर विसंबायचं नाही, दुसरा उपायही ठेवायचा. हे काउंटरवर बाप्या माणसाला सांगायला गेलं की तो इकडंतिकडं बघतो, म्हणून इथं लिहिलं.

गोदाकाठ
वॉरफेरिन नाही, बीपीची एक गोळी आहे. हॉस्पिटलात फोन लागला, उद्या सकाळी साखर तपासून फाइल घेऊन बोलावलंय. पहाटेच्या गाडीनं निघतोय.

योगेश्वरीकर
बीपीच्या गोळीची पट्टीही फाइलमध्ये टाका. आणि मामांना गाडीत उपाशी बसवू नका, मधुमेहाची गोळी चालू आहे.